आधी तबकडी ठरवा, मग ड्राइव्ह

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकाला डिस्क ड्राइव्ह नाही. फोटो आणि कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण मिळून साधारण ६० जीबीचा साठा झाला आहे व तो तबकड्यांवर उतरवून ठेवण्याची माझी इच्छा आहे. त्यातल्याच एका कौटुंबिक समारंभाच्या चित्रीकरणाची प्रत थोरल्या बहिणीला द्यायची आहे. तिच्याकडे टीव्हीला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर आहे. पुतण्या म्हणतो, २४ एक्सचा अंतर्गत डीव्हीडी रायटर घ्या. मित्र म्हणतो, ब्लू-रेच घ्या, म्हणजे चित्रपटही पाहता येतील. मुलीच्या मते हे सगळेच आता कालबाह्य झाले आहे. शिवाय पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या सीडींचा एक डबा माझ्याजवळ आहे आणि त्यांतल्या काही सीडी उघडत नाहीत. नेमका कोणता ड्राइव्ह घ्यावा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तिघांची तीन मते आहेत आणि तिघेही ड्राइव्हबद्दलच बोलतात. तबकडीचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. ड्राइव्ह हे शेवटी यंत्र आहे, ते बिघडले तर दुसरे आणता येते. आपले फोटो मात्र तबकडीवर राहणार आहेत आणि एकदाच लिहिता येणारी तबकडी लिहिली की लिहिली. म्हणून कोणत्या तबकडीवर काय लिहायचे, ती किती वर्षे टिकायला हवी आणि ती कोणत्या यंत्रात वाचली जाणार आहे, हे प्रश्न आधी सोडवावेत. ते सुटले की ड्राइव्हची निवड बरीचशी आपोआप होते.

साठ्यापासून सुरुवात करू. डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी असे छापलेले असते, पण उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतात आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजते. त्यामुळे तीच तबकडी संगणकात घातली की ४.३८ जीबीची दिसते. आपले ६० जीबी विंडोजने दाखवलेले आहेत असे धरले, तर १४ डीव्हीडी लागतील. ब्लू-रेची साधी, एका थराची तबकडी २५ जीबीची असते आणि संगणकात ती सुमारे २३.३ जीबीची दिसते. म्हणजे तेवढाच साठा तीन तबकड्यांत मावेल आणि काही जागा उरेलही. चौदा तबकड्या लिहिणे, तपासणे, त्यांवर क्रमांक घालणे आणि कोणता फोटो कितव्या तबकडीवर आहे याची यादी ठेवणे हे काम पहिल्या दोन-तीन तबकड्यांपर्यंत हौसेने होते, पुढे ते रेंगाळते. अर्धवट राहिलेली प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडीही मिळते, पण लेझरने पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसरा थर लिहायचा असतो, त्यामुळे अशा तबकड्यांच्या बाबतीत ड्राइव्ह आणि तबकडी यांचे जुळले नाही तर चुका लवकर होतात. एवढ्यासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

टिकण्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी आणि डीव्हीडीमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यात ज्या खुणा उमटतात, त्या म्हणजे आपली माहिती. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू विटते. ब्लू-रेच्या नेहमीच्या बीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या) तबकडीत मात्र बहुधा असेंद्रिय पदार्थांचा थर वापरलेला असतो आणि तो प्रकाशाला एवढा दाद देत नाही. अपवाद आहे तो 'एलटीएच' अशी अक्षरे छापलेल्या बीडी-आरचा. तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच असते, त्यामुळे जपून ठेवण्याच्या कामासाठी ती टाळावी. 'एम-डिस्क' नावाची आणखी एक जात आहे, तिचा लेखन-थर मुद्दाम दगडासारखा टिकाऊ करण्याचा प्रयत्न आहे आणि तिच्याबद्दल हजार वर्षांचा दावा केला जातो. हजार वर्षांनी ती वाचणारा ड्राइव्ह कुठून आणायचा, हे त्या दाव्यात सांगितलेले नसते. पण दाव्यातली अतिशयोक्ती वगळली तरी कल्पना चांगली आहे. डीव्हीडी प्रकारातली एम-डिस्क लिहायला जास्त शक्तीचा लेझर लागतो, म्हणून ड्राइव्हवर तसे चिन्ह असणे आवश्यक असते. ब्लू-रे प्रकारातली बहुतेक ब्लू-रे रायटरवर लिहिली जाते.

आता मित्राच्या सल्ल्याकडे वळतो, कारण त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे आणि कारण चुकीचे. ब्लू-रे रायटर घ्यावा हे मला मान्य आहे; तो सीडी आणि डीव्हीडीही वाचतो आणि लिहितो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा असे तिन्ही लेझर त्यात असतात. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक आणि खुणांच्या ओळी जवळजवळ. सीडीत दोन ओळींमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. तेवढ्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर इतकी जास्त माहिती मावते ती प्रामुख्याने यामुळे. परंतु ड्राइव्ह आणला की चित्रपट दिसू लागतील, ही समजूत मनातून काढून टाकावी. बाजारात मिळणाऱ्या ब्लू-रे चित्रपटांवर कुलूपबंद संरक्षण असते आणि ते उघडणारे परवानाधारक सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागते. विंडोजमध्ये ते अंगभूत नाही. चार-के चित्रपटांची गोष्ट तर आणखी अवघड आहे. ते अधिकृतपणे पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एक विशिष्ट सुरक्षा-सुविधा लागत असे आणि घरगुती संगणकांसाठीच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांतून इंटेलने तीच काढून टाकली. म्हणजे नवा संगणक असेल तर अडचण जास्त. चित्रपट पाहायचे असतील तर टीव्हीला जोडायचा प्लेअर बरा. आपल्याला ड्राइव्ह हवा आहे तो लिहिण्यासाठी, तेवढ्याच कसोटीवर तो घासून घ्यावा.

घेताना एक सापळा ओळखता आला पाहिजे. 'ब्लू-रे कॉम्बो' या नावाने विकले जाणारे काही ड्राइव्ह ब्लू-रे फक्त वाचतात आणि लिहितात केवळ सीडी-डीव्हीडी. खोक्यावर निळे चिन्ह ठळक असते आणि खरी माहिती बाजूच्या बारीक अक्षरांत. तिथे नुसते 'बीडी-रॉम' असेल तर तो वाचणारा. 'बीडी-आर' आणि 'बीडी-आरई' (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी) या दोहोंपुढे लिहिण्याचा वेग दिलेला असेल तर तो लिहिणारा. 'बीडीएक्सएल' असेही लिहिलेले असले तर १०० जीबीच्या तबकड्याही चालतील, पण आपल्या ६० जीबीसाठी त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. एका तबकडीवर सगळा संसार ठेवण्यापेक्षा तीन तबकड्यांवर विभागलेला बरा. एक खराब झाली तर एक तृतीयांशच जाते.

पुतण्याने सांगितलेल्या २४ एक्सबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ड्राइव्हच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत हाच आकडा असतो आणि निवड करताना सर्वांत कमी उपयोगाचाही हाच. 'एक्स' हे एकच माप नव्हे. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा सुमारे १.३८ एमबी आणि ब्लू-रेचा ४.५ एमबी. त्यामुळे २४ एक्सची डीव्हीडी सेकंदाला सुमारे ३३ एमबी लिहिते, तर नुसत्या ६ एक्सची ब्लू-रे २७ एमबी. चौपट दिसणारा फरक प्रत्यक्षात तेवढा नाही. दुसरे असे की हा कमाल वेग तबकडीच्या फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. लेखन आतून बाहेर होत जाते आणि चकती त्याच गतीने फिरत राहिली तर आतल्या लहान वर्तुळात लेझरखालून कमी लांबी सरकते, बाहेरच्या मोठ्या वर्तुळात जास्त. आणि तिसरे, कोऱ्या डीव्हीडी सर्वसाधारणपणे १६ एक्सपर्यंतच प्रमाणित केलेल्या असतात. २४ एक्स म्हणजे काही निवडक तबकड्यांवर ड्राइव्हने दाखवलेली जास्तीची हौस. पूर्ण डीव्हीडी ८ एक्सने लिहायला आठ-नऊ मिनिटे लागतात, २४ एक्सने त्याच्या निम्मी. वाचलेल्या त्या चार मिनिटांत आपण नेमके काय करणार आहोत, हे एकदा पुतण्याला विचारून पाहावे.

वेग वाढवला की खुणांची कड अस्पष्ट होण्याचा धोका वाढतो, म्हणून तबकडीवर छापलेल्या कमाल वेगाच्या साधारण निम्म्याने लिहावे असे मी सुचवतो. याचा अर्थ शक्य तितके हळू असा मात्र घेऊ नये. कोणत्या तबकडीवर लेझर किती शक्तीने आणि कशा ठेक्याने चालवायचा याचे कोष्टक ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच साठवलेल्या प्रणालीत, असते. १६ एक्ससाठी बनवलेल्या तबकडीवर १ किंवा २ एक्सने लिहायचे म्हटले तर ड्राइव्ह ते नाकारतो किंवा निकाल काही फार चांगला येत नाही. १६ एक्सची डीव्हीडी ८ एक्सने आणि ६ एक्सची बीडी-आर ४ एक्सने लिहावी. ब्लू-रेला या वेगाने सुमारे २३ मिनिटे लागतील.

अंतर्गत की बाहेरचा, हा आपल्या पत्रात न विचारलेला पण पुतण्याने परस्पर सोडवून टाकलेला प्रश्न. अंतर्गत ड्राइव्हसाठी कॅबिनेटच्या (ज्याला बहुतेक घरांत चुकून 'सीपीयू' म्हणतात, त्या खोक्याच्या) दर्शनी भागात सव्वापाच इंची खण लागतो; मदरबोर्डवर एक मोकळी साटा (ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क जोडण्याची) जोडणी आणि वीजपुरवठ्याच्या संचातून आलेली साटा वीजवाहिनी लागते. नव्या कॅबिनेटांत हा खण बहुधा ठेवलेलाच नसतो. आपल्याकडे तो असेल, तर पूर्ण आकाराचा अंतर्गत ड्राइव्ह हा यंत्र म्हणून अधिक दणकट पर्याय आहे हे मान्य करावे लागेल : मोटर मोठी, वीज भरपूर, तबकडी कमी थरथरते. रोज पाच-दहा तबकड्या लिहिणाऱ्याने तोच घ्यावा. आपले काम मात्र सुरुवातीला आठवडाभराचे आणि नंतर वर्षातून एक-दोनदाचे आहे. त्यासाठी यूएसबीने जोडायचा सडपातळ ड्राइव्ह पुरे. काम झाले की तो कपाटात ठेवता येतो, त्यात धूळ जात नाही, आणि पुढे संगणक बदलला किंवा मुलीच्या लॅपटॉपवर तबकडी वाचायची वेळ आली तरी तोच उपयोगी पडतो. अशा ड्राइव्हचे वेग डीव्हीडीला ८ एक्स आणि ब्लू-रेला ६ एक्स असे मर्यादित असतात; वर सांगितलेले पाहता ही उणीव नव्हेच.

बाहेरच्या ड्राइव्हची खरी दुखरी नस वीज आहे. यूएसबी २.० जोडणी ५०० मिलिअँपिअर प्रवाह देते, ३.० जोडणी ९००. ब्लू-रे लिहिताना मोटर आणि लेझर मिळून यापैकी पहिला आकडा सहज ओलांडू शकतात आणि मग तबकडी मध्येच अडते; दोष मात्र बिचाऱ्या तबकडीला लावला जातो. म्हणून ड्राइव्ह यूएसबी ३.०चा घ्यावा, तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टला लावावा आणि हबमधून जोडू नये. काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल किंवा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लावण्याची सोय असते. ती असेल तर उत्तमच. तबकडी आत ओढून घेणाऱ्या फटीचे ड्राइव्ह दिसायला देखणे असतात, पण तबकडी अडकली तर बाहेर काढणे कठीण जाते. ट्रे बाहेर येणारा घ्यावा. वीज नसतानाही टाचणी खुपसून तो उघडता येतो. जुना, वापरलेला ड्राइव्ह स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण लेझर वापराने क्षीण होतो. असा ड्राइव्ह वाचण्याचे काम ठीक करतो आणि लिहिताना दगा देतो.

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी प्लस आर या एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीच्या दोन जातींतला जुना वाद आता संपलेला आहे, सगळे ड्राइव्ह दोन्ही लिहितात. फक्त बहिणीसाठी 'वजा' चिन्हाची, म्हणजे डीव्हीडी-आर घ्यावी. ती १९९७ची, 'अधिक' चिन्हाची २००२ची, आणि जुने प्लेअर थोरल्या भावंडाला जास्त ओळखतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकड्या या कामासाठी घेऊच नयेत. त्यांवरून परत येणारा प्रकाश क्षीण असतो, त्यामुळे जुने प्लेअर त्यांच्यापाशी अडखळतात. आणि जे पुसता येते ते चुकून पुसलेही जाते.

बहिणीच्या प्रतीबाबत आणखी एक खुलासा हवा, नाहीतर चांगला ड्राइव्ह घेऊनही निराशा पदरी पडेल. कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरवली तर ती संगणकात दिसेल, पण जुना प्लेअर तिला ओळखणार नाही. त्याला डीव्हीडी-व्हिडिओ या ठरावीक साच्यातली तबकडी लागते. चित्र एमपेग-२ पद्धतीने आवळलेले, आकार ७२० बाय ५७६ किंवा ७२० बाय ४८० आणि सगळे एका ठरावीक नावाच्या फोल्डरात. हे रूपांतर करणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. एका तबकडीवर साधारण दोन तास चांगल्या दर्जात बसतात. रूपांतरात मूळ चित्राची स्पष्टता कमी होते, म्हणून ही प्रत पाहण्यापुरतीच समजावी आणि मूळ फाइल आपल्या ब्लू-रे तबकडीवर जशीच्या तशी ठेवावी.

विंडोजमध्ये कोरी तबकडी घातली की तिचा वापर कसा करणार, असे विचारले जाते : यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखा, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला पर्याय सोयीचा वाटतो, पण तशी लिहिलेली तबकडी इतर यंत्रांत बरेचदा उघडत नाही. दुसरा निवडावा. लिहून झाल्यावर ती 'फायनलाइझ', म्हणजे कायमची बंद, होऊ द्यावी. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय' हा पर्याय असेल तर वेळ दुप्पट लागला तरी तो चालू ठेवावा. एके काळी लिहिताना संगणकाला हात लावायची चोरी असे, कारण माहितीचा ओघ क्षणभर तुटला तरी तबकडी वाया जाई. २०००च्या सुमारास सान्यो कंपनीने त्यावर उपाय आणला आणि आता सर्वच ड्राइव्हमध्ये तशी व्यवस्था आहे.

आपल्या जुन्या सीडींबद्दल. सीडीची माहिती आपण समजतो तशी खालच्या चकचकीत बाजूला नसते. ती वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूच्या पातळ लाखेखाली असते. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते आणि त्यावरचे ओरखडे बरेचदा पुसून किंवा घासून निभावून जातात. वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव मात्र थेट माहितीवर घाव घालते. मी स्वतः एके काळी प्रत्येक सीडीवर नीटनेटके कागदी लेबल चिकटवत असे. काही वर्षांनी त्यातले एक सुटू लागले म्हणून सोलायला गेलो, तर लेबलाबरोबर चकाकणारा थरही निघून आला आणि हातात उरली पारदर्शक प्लॅस्टिकची चकती. तेव्हापासून पाण्यावर आधारलेल्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर, फक्त क्रमांक लिहितो. न उघडणाऱ्या सीडी मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे अशा सरळ रेषेत पुसाव्यात; गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा खुणांच्या ओळीबरोबर धावतो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती त्यापुढे हतबल होते. त्यानंतर त्या नव्या ड्राइव्हमध्ये आणि शक्य झाल्यास आणखी एखाद्या परक्या ड्राइव्हमध्ये लावून पाहाव्यात. एकाने नाकारलेली तबकडी दुसऱ्याने निमूटपणे वाचल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. जे वाचले जाईल ते लगेच हार्ड डिस्कवर घ्यावे.

मुलीच्या म्हणण्यातही तथ्य आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. इतर उत्पादकांच्या तबकड्या मिळतात, पण हा बाजार आता आटत चालला आहे, वाढत नाही. म्हणून ड्राइव्हबरोबरच पुढच्या काही वर्षांच्या गरजेच्या तबकड्या घेऊन ठेवाव्यात, त्या उभ्या, स्वतंत्र डब्यांत आणि थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात आणि संपूर्ण साठ्याची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवरही असू द्यावी. तबकडी चुंबकाने पुसली जात नाही, व्हायरसने बदलली जात नाही, खाली पडली तर सहसा मोडत नाही. हार्ड डिस्कला यातले बरेच काही होऊ शकते, पण ती पाहायला आणि ताजी ठेवायला सोपी. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात, म्हणून दोन्ही असाव्यात.

ड्राइव्ह घरी आला की खोके आणि पावती सांभाळून ठेवावी आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आत एक बीडी-आर काठोकाठ भरून लिहून पाहावी, कारण बाहेरच्या कडेला येईपर्यंत ड्राइव्हचा दोष उघड होत नाही. त्याच दिवशी बहिणीसाठी एकच डीव्हीडी करून ती तिच्या प्लेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावी आणि ती नीट चालली तरच त्या जातीच्या तबकड्यांचा पुढचा गठ्ठा घ्यावा.